लहान मूल पाळणाघरात आठवड्यातून किती दिवस? आधी तास मोजा

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढले आहेत. बाकीचे गोड मानून घ्या.)

आजच्या एपिसोडची सुरुवात एका व्हॉट्सॲप मेसेजने झाली. ऑफिसमधल्या एका मित्राने रात्री साडेअकराला विचारलं, "मुलगा दीड वर्षाचा आहे. बायको पुढच्या महिन्यात परत जॉइन होतेय. पाळणाघरात आठवड्यातून दोन दिवस टाकू की पाच?" मी उत्तर टाइप करायला घेतलं, आणि ते एवढं लांबलं की म्हटलं, यावर एपिसोडच करू. कारण हाच प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात होता, आणि आम्ही त्याचं पहिलं उत्तर साफ चुकीचं काढलं होतं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, बालमानसतज्ज्ञही नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण प्रश्न स्वतःच्या पोरीचा होता म्हणून बरंच वाचलं, आणि त्यातलं जे पक्कं वाटलं तेवढंच सांगतोय.

तर आमची गोष्ट. मुलगी झाली तेव्हा बायकोला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानेच तेवढी आहे. त्यानंतर माझी आई गावाहून पुण्याला येऊन राहिली आणि सव्वा वर्ष तिने सगळं ओढलं. पोर पावणेदोन वर्षांची झाली तोवर आईचे गुडघे बोलायला लागले होते, आणि तिकडे बाबा एकटे चहा-पोहे करून दिवस काढत होते. आई म्हणाली, "अरे, दिवाळीपर्यंत आहे मी. पुढचं तुम्ही बघा." आणि मग थोडं थांबून, "पण एवढीशी पोर पाळणाघरात..." वाक्य तिने पूर्ण केलं नाही. करायची गरजही नव्हती.

आम्ही मधला मार्ग काढला. सोमवार आणि गुरुवार, दोनच दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. बाकीचे दिवस आजी. हिशोब सरळ वाटत होता की पाळणाघर कमी म्हणजे त्रास कमी. आईलाही दोन दिवस पूर्ण आराम.

सहा आठवडे आम्ही हे केलं, आणि सहा आठवडे प्रत्येक सोमवार हा पहिला दिवस होता. दारातच माझा शर्ट दोन्ही मुठींत धरायची. आत नेलं की भोकाड. गुरुवारी थोडं कमी रडायची. मग शुक्रवार, शनिवार, रविवार घरी, आणि सोमवारी पुन्हा शून्यापासून. आमच्या धंद्यात याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. सर्व्हर बराच वेळ वापरला नाही की तो झोपतो, आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून उभं करावं लागतं. आम्ही पोरीला आठवड्यातून दोनदा कोल्ड स्टार्ट देत होतो, आणि वर स्वतःला सांगत होतो की आपण किती हळुवारपणे घेतोय.

शेवटी पाळणाघरातल्या ताईच म्हणाल्या, "दादा, हिला इथली सवयच होऊ देत नाही तुम्ही. रोज आणा. पण जेवण झालं की घेऊन जा."

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? की या आपल्याला मोठं पॅकेज विकतायत. खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन आकडे मांडले. दोन दिवस गुणिले नऊ तास, १८ तास. पाच दिवस गुणिले साडेतीन तास, साडेसतरा तास. म्हणजे पोर घराबाहेर राहणार जवळपास तेवढाच वेळ. बदलणार होती ती फक्त त्याची वाटणी. पुढच्या सोमवारपासून रोज साडेनऊ ते एक असं सुरू केलं. पहिला आठवडा रडारड झाली. दुसऱ्या आठवड्यात दारातली दोन मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः चपला काढून रॅकवर ठेवून आत गेली, आणि मी बाहेर उभा. टाटा करायचाही राहिला.

आता माझी एक पोर म्हणजे काही पुरावा नाही. सॅम्पल साइज एक. कदाचित तिचं वय तेवढ्यात वाढलं, कदाचित तिला ताई आवडायला लागल्या. म्हणून जगात यावर काय अभ्यास झालेत ते बघूया.

पहिली गोष्ट अशी की "किती दिवस" हे मोजमापच जरा फसवं आहे. अभ्यास करणारे लोक बहुतेक वेळा तास मोजतात. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. १९९१ मध्ये जन्मलेली १,३६४ बाळं घेतली, दहा वेगवेगळ्या ठिकाणची, आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. कोण सांभाळतं, आठवड्याला किती तास, सांभाळण्याचा दर्जा कसा, घरी वातावरण कसं, हे सगळं नोंदवलं. निघालं काय? आठवड्याचे तास जितके जास्त, तितकी साडेचार वर्षांच्या वयात हट्ट, न ऐकणं, मारामारी थोडी जास्त. "थोडी" या शब्दावर जोर द्या. त्यातली बहुतेक मुलं वागण्याच्या नेहमीच्या मर्यादेतच होती. दुसरीकडे, जिथे सांभाळण्याचा दर्जा चांगला होता तिथल्या मुलांची भाषा आणि समज जरा पुढे होती. आणि या दोन्हींपेक्षा जास्त वजन कशाला? घराला. आईबाप मुलाशी कसे बोलतात, कसे वागतात, याचा संबंध तासांपेक्षा आणि पाळणाघरापेक्षा जास्त घट्ट निघाला.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट तपासली होती, जी आपल्या प्रत्येक आजीच्या मनात असते. पाळणाघरात टाकलं की मूल आईला दुरावतं का? नुसतं पाळणाघरात गेल्यामुळे दुरावत नाही, असं उत्तर आलं. धोका कुठे दिसला, तर जिथे घरीही मुलाकडे फारसं लक्ष नव्हतं आणि वर सांभाळण्याचा दर्जा वाईट, किंवा तास जास्त, किंवा सांभाळणारे सारखे बदलत होते. म्हणजे दोन बाजूंनी कमी पडलं तर. हे मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण तिला डब्यात तूप घालून देतोस का?"

असो. दुसरा अभ्यास इंग्लंडमधला, आणि आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचा. १९९७ मध्ये सुरू झाला, साधारण ३,००० मुलं, तीन वर्षांच्या पुढची. तिथे थेट बघितलं की पूर्ण दिवस नर्सरीत जाणारी मुलं अर्धा दिवस जाणाऱ्यांपेक्षा जास्त शिकतात का. तर नाही. नर्सरीत अजिबात न गेलेल्या मुलांपेक्षा गेलेली मुलं पुढे होती, लवकर सुरुवात केल्याचा आणि चांगल्या दर्जाचा फायदाही दिसला, पण पूर्ण दिवसाचा अर्ध्या दिवसावर वेगळा फायदा दिसला नाही.

हे जरा सावकाश ऐका, कारण आपल्याकडे नेमकं उलटं विकलं जातं. "फुल डे प्रोग्रॅम", "ब्रेन डेव्हलपमेंट", तीन वर्षांच्या पोराला संध्याकाळी पाचपर्यंत फोनिक्स आणि अबॅकस. शिकण्यासाठी म्हणून पूर्ण दिवस ठेवायची गरज नाही. आईबापांना काम आहे म्हणून पूर्ण दिवस ठेवायचं असेल तर ते कारण शंभर टक्के योग्य आहे. त्यात लाजायचं काही नाही. फक्त ते कारण ब्रोशरच्या गुळगुळीत कागदात गुंडाळायची गरज नाही.

इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला १५ तास नर्सरी सरकारी खर्चाने मिळते. म्हणजे तिथले हक्काचे आकडेसुद्धा तासांत आहेत. हे १५ तास दोन लांब दिवसांत घ्यायचे की रोज तीन-तीन तास, हा तिथल्या आईबापांचा प्रश्न आणि आमच्या घरातला प्रश्न, एकच.

मग वाटणी कशी करायची? इथून पुढे अभ्यास कमी आणि माझं मत जास्त, हे लक्षात ठेवून ऐका.

दोन वर्षांच्या मुलाला "परवा" कळत नाही. आमची मुलगी आता अडीच वर्षांची आहे. तिच्या भाषेत आज सकाळी झालेलं पण "काल", आणि गेल्या गणपतीत झालेलं पण "काल". अशा माणसाला तुम्ही सांगता की आज पाळणाघर, उद्या आजी, परवा आजी, तेरवा पुन्हा पाळणाघर, तर त्याच्या हाती काय लागणार? त्याला कळते ती फक्त चाल. उठलो, दूध, आंघोळ, चपला, ताईंकडे. ही चाल रोजची असली की मूल तिच्यावर विश्वास ठेवतं. आणि त्या चालीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटचा असतो, तो म्हणजे बाबा परत येतो. पाच दिवसांत पाचदा परत आलेला बाबा हा दोन दिवसांत दोनदा परत आलेल्या बाबापेक्षा जास्त भरवशाचा.

दुसरं, तिकडची माणसं. नव्या बाईंच्या कडेवर जायला, त्यांच्या हातून घास खायला मुलाला त्या ओळखीच्या व्हाव्या लागतात. चार दिवसांच्या अंतराने भेटणाऱ्या माणसाशी तुमची-माझीही मैत्री हळूहळूच होते.

म्हणून माझं उत्तर असं. दोन ते तीन वर्षांच्या मुलासाठी, जमत असेल तर, आठवड्याचे चार-पाच दिवस आणि रोज तीन-चार तास. हे जमत नसेल आणि तीनच दिवस परवडत असतील, तर सोमवार-बुधवार-शुक्रवार असे विखुरण्यापेक्षा लागून तीन घ्या. एक किंवा दोन दिवसच पाठवायचं असेल तर मूल रुळायला बराच जास्त वेळ लागेल हे धरून चाला. मुलाचं काहीतरी बिघडलंय असं समजू नका. तीन वर्षांच्या पुढे रोज अर्धा दिवस शिकण्यासाठी भरपूर. दीड वर्षाच्या आत मात्र वेगळं आहे. आई-बाबा नजरेआड झाले की घाबरण्याची भीती साधारण आठव्या महिन्याच्या आसपास सुरू होते आणि दहा ते अठरा महिन्यांत ती सगळ्यात जोरात असते. त्या काळात पाठवावंच लागत असेल तर दिवसांपेक्षा माणूस महत्त्वाचा. एकच सांभाळणारी, रोज तीच, आणि तास जितके कमी करता येतील तितके.

आता तासांची दुसरी बाजू. तुम्ही कॉर्टिसॉल हा शब्द रील्समध्ये ऐकला असेल, कुठलातरी चहा विकताना. ताणाच्या वेळी शरीर जे सोडतं ते संप्रेरक. सकाळी ते जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं, हा निरोगी शरीराचा नेहमीचा क्रम. लहान मुलांच्या लाळेतून ते मोजता येतं. वेगवेगळ्या देशांत असं मोजल्यावर दिसलं की घरी असलेल्या दिवशी मुलांचं कॉर्टिसॉल दुपारी उतरतं, पण पूर्ण दिवस पाळणाघरात असलेल्या बऱ्याच मुलांचं दुपारी उतरण्याऐवजी चढतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं. मोठ्या गटात वावरणं, खेळणं हिसकावलं जाणं, आवाज, हे सगळं त्यांना दमवतं. जिथे सांभाळणाऱ्या बाई लक्ष देणाऱ्या असतात तिथे हे चढणं कमी असतं. यावरून मुलाचं पुढे कायमचं नुकसान होतं, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका. पण संध्याकाळी सहाला घ्यायला गेलं की मूल पायरीवरच फतकल मारून का रडतं, याचा अंदाज यावरून येतो. ते हट्टी नसतं. त्याची बॅटरी दोन टक्क्यांवर असते, आणि त्यात आपण विचारतो, "आज काय काय केलं? कुठलं गाणं शिकवलं?"

तर मग आयटीतल्या नवरा-बायकोने काय करायचं? हिशोब करा. नऊ तासांची नोकरी, जाऊन-येऊन दोन तास हिंजवडीचा ट्रॅफिक. दोघं एकाच वेळी निघाले आणि एकाच वेळी परतले तर मूल रोज अकरा तास बाहेर. आठवड्याला ५५. हे मोठ्या माणसाच्या नोकरीपेक्षा जास्त आहे. पण एकजण सात वाजता लॉगिन करून चारला उठला आणि दुसरा सकाळी सोडून दहाला गेला, तर तेच मूल साडेनऊ ते साडेचार, म्हणजे सात तास, आठवड्याला ३५. पगार तोच, दिवसही पाचच, आणि वीस तास वाचले. आई दिवाळीनंतर गावी गेली तेव्हा आम्ही हेच केलं. एकदम नाही. आधी एक वाजता, मग दुपारची झोप तिथेच होऊन तीन वाजता, मग साडेचार. प्रत्येक टप्प्याला दोन आठवडे. माझ्या मॅनेजरला चारनंतरच्या मीटिंगा नको म्हणून सांगणं हे या सगळ्यातलं सर्वात अवघड काम होतं, पोरीला रुळवण्यापेक्षा. आणि हे सांगायची मुभा सगळ्यांना नसते हेही मला माहीत आहे. नर्सची शिफ्ट असते, दुकानातल्या मुलीला साडेनऊपर्यंत थांबावं लागतं. त्यांच्यासाठी तासांची गोष्ट बाजूला ठेवा. तिथे पुढचा मुद्दा जास्त कामाचा.

तो म्हणजे एका बाईमागे किती मुलं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये त्यांनी रोज पाच डॉलरमध्ये पाळणाघर अशी योजना आणली. आया मोठ्या संख्येने नोकरीवर गेल्या, हा फायदा मोठा आणि खरा. पण पुढे अर्थशास्त्रज्ञांनी मुलांची आकडेवारी बघितली तेव्हा मारकेपणा वाढलेला, आजारपण वाढलेलं आणि घरातले संबंधही ताणलेले दिसले. मागणी झपाट्याने वाढली होती आणि दर्जा सगळीकडे सारखा नव्हता. स्वस्त आणि भरपूर, एवढ्याने भागत नाही.

आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात प्रमाण दिलं आहे. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक. शाळापूर्व शिक्षणाचा वेळही तिथे दिवसाला तीन-चार तास धरला आहे. बघा, पुन्हा तोच आकडा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक बाई लागते. दोन वर्षांच्या मुलांसाठी चारास एक होतं, ते २०२३ मध्ये पाचास एक केलं तेव्हा केवढी ओरड झाली. आपला दहाचा आकडा आधीच सैल आहे, आणि प्रत्यक्षात तोही पाळला जातो का हे तुम्हालाच जाऊन मोजावं लागतं.

कसं मोजायचं? आधी फोन करून ठरलेल्या वेळी जाऊ नका. दुपारी बाराच्या सुमाराला जा, जेवणाच्या वेळी. तेव्हा सगळं खरं दिसतं. कोण भरवतंय, किती जणांना, टीव्ही लावून की बोलत. आम्ही आधी पाहिलेल्या एका ठिकाणी भिंतीवर कार्टून, जमिनीवर लुसलुशीत मॅट, दारात सीसीटीव्हीचं ॲप, आणि आत चौदा पोरांमागे एकच मावशी, त्याही भांडी घासायला उठलेल्या. ॲपमध्ये ते सगळं स्वच्छ एचडीमध्ये दिसलं असतं, एवढंच. आम्ही निवडलेलं ठिकाण दोन खोल्यांचं आहे. तिथे ॲप नाही. पण ताई आणि दोन मावशी मिळून तेरा मुलं, आणि दोन्ही मावशी बऱ्याच वर्षांपासून तिथेच. तुम्ही एकच प्रश्न विचारणार असाल तर हा विचारा की इथल्या मावशी किती वर्षं आहेत. जिथे दर तीन महिन्यांनी माणूस बदलतो तिथे पाच दिवस पाठवूनही मूल प्रत्येक वेळी नव्याच माणसाकडे जातं.

सुरुवात कशी करायची याबद्दल जर्मनीत एक पद्धत रुळलेली आहे, बर्लिनच्या नावाने ओळखली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभर तिथे बसतात, आणि मुलाला घेऊनच घरी जातात. सोडून जायचंच नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप घेऊन खोलीबाहेर जायचं, फार तर अर्धा तास. तिथली बाई मुलाला शांत करू शकली तर पुढे वेळ वाढवायचा, नाही तर आणखी काही दिवस सोबत बसायचं. काही मुलं आठवड्यात रुळतात, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. यात एक बारीकशी सूचना आहे जी मला फार आवडली. तो चौथा दिवस सोमवारी येत असेल तर पहिला निरोप सोमवारी घ्यायचा नाही, मंगळवारी घ्यायचा. कारण शनिवार-रविवार घरी राहिल्यावर मूल पुन्हा थोडं मागे गेलेलं असतं. दोन दिवसांची सुट्टी त्यांनी एवढी मोजली, आणि आम्ही पोरीला दर आठवड्याला तीन-तीन दिवसांची देत होतो.

आपल्याकडची बरीच पाळणाघरं पालकांना आत बसू देत नाहीत. "तुम्ही दिसलात की जास्त रडेल." थोडं खरं आहे ते. पण पहिले तीन दिवस एक तास तरी बसू द्या असा आग्रह धरा. आणि गुपचूप सटकू नका. आमच्याकडे सगळे हाच सल्ला देतात, खेळण्यात रमली की हळूच निघ. मीही केलं ते, एकदाच. त्यानंतर चार दिवस ती घरातसुद्धा मी बाथरूमला गेलो तरी दाराबाहेर उभी. टाटा करून, रडत असली तरी सांगून निघालेलं बरं.

आजारपणाबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षी सर्दी-ताप जास्त येणार, पाच दिवस पाठवा नाहीतर दोन. आता लहानपणी जे आजार येतात ते शाळेच्या वयात तुलनेने कमी येतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण रात्री दोनला ताप मोजताना हा दिलासा फारसा उपयोगी पडत नाही. सुट्ट्या शिल्लक ठेवा. ताप असताना क्रोसिन देऊन पाठवू नका, तिथे आणखी बारा पोरं आहेत.

आता एक विषय राहून जाईल म्हणून घेतो. हे सगळं आपण फी भरू शकणाऱ्यांचं बोलतोय. महाराष्ट्रात लाखो मुलांची नर्सरी म्हणजे अंगणवाडी. देशात ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पण तिच्यामागची कल्पना आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आली. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी गावातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. घराजवळ, थोडा वेळ, रोज. आज इतके अभ्यास वाचून मी ज्या उत्तराशी आलो तेच, ऐंशी वर्षांपूर्वी. फरक एवढाच की अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना बसवते आणि दुपारपर्यंत आटपते. धुणंभांडी करणाऱ्या बाईचं काम दुपारी संपत नाही, आणि तिचं मूल दीड वर्षाचं असेल तर त्याला घरी कुणाकडे ठेवायचं? बहुतेक वेळा आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या बहिणीकडे, जिची शाळा बुडते. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची "पाळणा" नावाची केंद्राची योजना २०२२ पासून आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना लहान मूल असेल तर जवळच्या अंगणवाडीत चौकशी करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मित्राने शेवटी विचारलं होतं, जमतंय की नाही हे कळणार कसं? सकाळच्या रडण्यावरून ठरवू नका. दारातलं रडणं हे बऱ्याचदा निरोपाचं असतं, दहा मिनिटांत थांबतं. ताईंना विचारा, किती वेळात थांबली? तिथे जेवते का, झोपते का, कुणाजवळ जाऊन बसते का? घरी बघा, रात्रीची झोप कशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. पाळणाघरात दुपारची झोप होत नसेल आणि संध्याकाळी सातला मूल ताटातच डुलक्या घेत असेल, तर दिवस कमी करायच्या आधी तास कमी करून बघा. महिना-सव्वा महिना होऊनही तिथे जेवत नसेल, झोपत नसेल, खेळत नसेल, तर मात्र थांबा आणि जागा किंवा वेळ बदला. चिवटपणा करू नका. फी गेली तर गेली.

आणि दिवाळीची सुट्टी, गावची जत्रा, आजोळ. दहा दिवस सलग घरी राहिल्यावर पहिले दोन-तीन दिवस पुन्हा रडणं येणारच. आम्ही या वेळी गावाहून रविवारी रात्री न येता शुक्रवारी आलो, आणि शनिवारी तिला घेऊन नुसते पाळणाघरासमोरून फिरून आलो. कुलूप होतं. तिने दारावर थापा मारल्या आणि म्हणाली, "ताई झोपली." सोमवारी रडली, पण कमी.

मित्राला मी शेवटी लिहिलं ते एवढंच, की पाच दिवस पाठव, पण पहिला महिना एक वाजता घेऊन ये, त्यासाठी सुट्टी तू टाक, वहिनी नुकत्याच जॉइन होतायत. त्याचा रिप्लाय आला, "सुट्टीचं बघतो." दोन निळ्या टिका, आणि मग तीन दिवस शांतता. काल कळलं, त्याने रोज अर्धा दिवस घेतलाय.

तुमच्याकडे वेगळा अनुभव असेल, विशेषतः दोन-तीन दिवसच पाठवून मूल छान रुळलं असेल, तर नक्की व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू. आता चार वाजून वीस मिनिटं झालीत, मला निघायचंय.